कॅनडात टीव्हीवर खेळ: कोण दाखवतं, कोण बघतं आणि कुणाला दिसत नाही – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे म्हणून कॅनडात आलेल्या मराठी माणसाचे टीव्हीवरच्या खेळांबद्दलचे प्रश्न ठरलेले असतात. इतक्या वाहिन्यांचे पैसे भरूनही सामना का दिसत नाही? कालचा सामना फुकट होता, मग आजचा का नाही? क्रिकेट कुठे लागतं? वरवर हे प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण बहुतेकांचं मूळ एकच आहे. इथे संघ, वाहिनी आणि घरात येणारी केबल किंवा इंटरनेट या तिन्हींची मालकी मोजक्या दोन-तीन कंपन्यांकडे आहे. ते एकदा समजलं की बाकीचा गुंता सुटायला लागतो.

बर्फावरच्या हॉकीला खरंच इतका प्रेक्षक आहे का?

आहे. २८ फेब्रुवारी २०१० रोजी व्हँकुव्हर हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या हॉकीचा कॅनडा विरुद्ध अमेरिका हा अंतिम सामना झाला. जादा वेळेत सिडनी क्रॉस्बीने गोल केला आणि कॅनडा ३-२ ने जिंकला. हा सामना सरासरी १ कोटी ६६ लाख लोकांनी पाहिला. त्यातला काही भाग तरी पाहिलेल्यांची संख्या २ कोटी ६५ लाखांवर गेली. तेव्हा देशाची लोकसंख्या साधारण ३ कोटी ४० लाख होती. म्हणजे दर पाच माणसांमागे जवळजवळ चौघांनी त्या दिवशी कधी ना कधी तो सामना लावला होता. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी आपल्याकडे रस्ते ओस पडतात, त्याच जातीचा तो दिवस होता.

पण गर्दी फक्त हॉकीलाच होते असं मात्र नाही. १३ जून २०१९ रोजी टोरंटो रॅप्टर्सने बास्केटबॉलचं एनबीए विजेतेपद पटकावलं. तो सामना सरासरी ७७ लाख लोकांनी पाहिला आणि एकूण १ कोटी ५९ लाख लोकांपर्यंत पोहोचला. १ नोव्हेंबर २०२५ रोजी टोरंटो ब्लू जेज बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना ११ डावांपर्यंत लढून लॉस एंजेलिस डॉजर्सकडून ५-४ असा हरले, तेव्हा सरासरी प्रेक्षकसंख्या १ कोटी ९ लाखांच्या आसपास होती. हरलेल्या सामन्याचा हा आकडा आहे. स्थलांतरितांच्या घरांमधून रॅप्टर्स आणि ब्लू जेजना मिळणारं प्रेम मला फार मोलाचं वाटतं. बास्केटबॉल बघायला लहानपणापासून स्केट्स घातलेले असावे लागत नाहीत.

हे आकडे कोण मोजतं? 'सरासरी' आणि 'पोहोच' यांत फरक काय?

'न्यूमेरिस' नावाची संस्था मोजते. १९४४ साली ती 'बीबीएम' या नावाने सुरू झाली आणि २०१४ मध्ये तिचं नाव बदललं. वाहिन्या, जाहिरात संस्था आणि जाहिरातदार तिचे सदस्य आहेत, आणि ती नफ्यासाठी चालत नाही.

मोजणीची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. निवडलेल्या घरांतल्या माणसांना जुन्या पेजरएवढं एक यंत्र दिलं जातं. ते दिवसभर कमरेला किंवा खिशात ठेवायचं आणि रात्री चार्जिंगला लावायचं. कार्यक्रमाच्या आवाजात कानाला ऐकू न येणारा एक संकेत मिसळलेला असतो, तो हे यंत्र पकडतं. त्यामुळे कुठलंही बटण दाबावं लागत नाही. तुम्ही मित्राच्या घरी किंवा बारमध्ये सामना पाहिलात तरी तो मोजला जातो. खेळांना याचा मोठा फायदा झाला, कारण खेळ घोळक्याने बघितले जातात.

ही पद्धत टीव्हीसाठी २००९ च्या शरद ऋतूत देशभर आली, म्हणून त्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमधला हॉकीचा अंतिम सामना १ कोटी ६ लाख लोकांनी पाहिल्याची नोंद आहे. २०१० चा आकडा त्याहून ६० लाखांनी मोठा आहे. ही सगळी वाढ प्रेक्षकांची नाही, काही वाढ मोजपट्टी बदलल्याची आहे.

आता सरासरी आणि पोहोच. सरासरी म्हणजे सामन्याच्या कुठल्याही मिनिटाला साधारण किती लोक बघत होते, तो आकडा. पोहोच म्हणजे जराशा वेळासाठी का होईना, ज्यांनी ज्यांनी डोकावलं त्या सगळ्यांची बेरीज. वाहिन्यांच्या पत्रकांत मथळ्यात पोहोच असते आणि सरासरी दुसऱ्या परिच्छेदात येते. तुम्ही सरासरीच बघा.

'हॉकी नाइट इन कॅनडा' म्हणजे नेमकं काय?

शनिवारी रात्री सहकुटुंब बघायचा कार्यक्रम, आणि देशातला सर्वांत जुना चालू असलेला खेळांचा कार्यक्रम. त्याची मुळं रेडिओत आहेत. नोव्हेंबर १९३१ मध्ये टोरंटोत मेपल लीफ गार्डन्स हे स्टेडियम उघडलं. तिथे बर्फापासून ५६ फूट उंचीवर छताजवळ लटकवलेल्या एका अरुंद सज्जात बसून फॉस्टर हेविट समालोचन करायचा. १९३३ पासून त्याचा आवाज देशभर जाऊ लागला. सुरुवातीला तो कॅनडाला, अमेरिकेतल्या हॉकीप्रेमींना आणि न्यूफाउंडलंडला असा नमस्कार करायचा. न्यूफाउंडलंडचं नाव वेगळं घ्यावं लागायचं, कारण १९४९ पर्यंत ते कॅनडात नव्हतंच. बर्फाने वेढलेल्या, शेजारचं घर दोन-तीन मैलांवर असलेल्या प्रेअरीतल्या, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानी प्रदेशातल्या शेतकऱ्याला शनिवारी रात्री तो आवाज ऐकू यायचा. कॅनडा हा एक देश आहे ही जाणीव रुजवण्यात रेल्वेइतकाच त्या आवाजाचाही वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

टीव्ही आला १९५२ मध्ये. ११ ऑक्टोबरला मॉन्ट्रियलमधून फ्रेंचमध्ये रेने लकाव्हालिएच्या समालोचनासह पहिलं प्रक्षेपण झालं, आणि १ नोव्हेंबरला टोरंटोतून इंग्रजीत हेविटचं. तेव्हा संघमालकांना धास्ती होती की घरबसल्या दिसलं तर तिकीट कोण काढणार? म्हणून बरीच वर्षं टीव्हीवरचं प्रक्षेपण सामना सुरू झाल्यानंतरच लागायचं. सुरुवातीचा खेळ प्रेक्षकांना दिसायचाच नाही.

आज एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगच्या प्रत्येक सामन्याअखेर तीन सर्वोत्तम खेळाडू जाहीर होतात. ती प्रथासुद्धा जाहिरातीतून आली. १९३६ पासून इम्पीरियल ऑइल ही तेल कंपनी कार्यक्रमाची प्रायोजक होती आणि तिच्या पेट्रोलचं नाव होतं 'थ्री स्टार'. ते पेट्रोल गेलं, प्रथा राहिली. १९६८ मध्ये डोलोरेस क्लेमन या संगीतकार बाईंनी रचलेली कार्यक्रमाची धून इतकी घराघरात पोहोचली की लोक तिला दुसरं राष्ट्रगीत म्हणायचे. २००८ मध्ये हा कार्यक्रम दाखवणाऱ्या सीबीसी या सरकारी वाहिनीचा तिच्या हक्कांचा करार फिसकटला आणि सीटीव्ही या खासगी वाहिनीने ती विकत घेतली, तेव्हा देशभर हळहळ झाली होती.

मग तो कार्यक्रम सीबीसीवर दिसतो, पण हक्क दुसऱ्याचे, हे कसं?

२६ नोव्हेंबर २०१३ या दिवशी हे चित्र पालटलं. रॉजर्स कंपनीने एनएचएलचे कॅनडातले सर्व राष्ट्रीय हक्क २०१४-१५ पासून १२ वर्षांसाठी सुमारे ५२३ कोटी कॅनेडियन डॉलरना घेतले. साठ वर्षं हॉकी दाखवणाऱ्या सरकारी सीबीसीला एवढी रक्कम परवडणारी नव्हती. रॉजर्सने तिला शनिवारचे आणि प्लेऑफचे (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांचे) सामने दाखवू दिले, पण जाहिराती रॉजर्सच विकणार आणि पैसेही रॉजर्सच ठेवणार, या अटीवर. सीबीसीने पडदा द्यायचा आणि प्रेक्षक गोळा करून द्यायचे. त्या बदल्यात कार्यक्रम तिच्याकडे राहिला, हेच समाधान.

हा सौदा मला अजूनही खटकतो. लोकांच्या करावर चालणाऱ्या वाहिनीचा सर्वांत लाडका वेळ असा खासगी तिजोरीसाठी वापरला गेला. पण दुसरी बाजूही खरी आहे. ही व्यवस्था झाली नसती, तर शनिवारची हॉकी सरळ पैसे भरणाऱ्यांपुरतीच उरली असती.

एप्रिल २०२५ मध्ये रॉजर्सने पुढच्या १२ वर्षांचा, म्हणजे २०२६-२७ ते २०३७-३८ पर्यंतचा करारही जाहीर केला. रक्कम ११०० कोटी कॅनेडियन डॉलर, म्हणजे आधीच्या दुपटीहून जास्त. हे पैसे अखेर कुणाच्या खिशातून वसूल होणार, ते दरमहा बिल भरणाऱ्याला सांगायला नको.

एकच कंपनी संघाचीही मालक आणि वाहिनीचीही?

हो, आणि केबलची, इंटरनेटची, मोबाइलचीसुद्धा. टोरंटोचंच उदाहरण घ्या. ब्लू जेज संघ २००० पासून रॉजर्सकडे आहे. ते ज्या स्टेडियममध्ये खेळतात ते रॉजर्स सेंटर, आणि त्याची मालकीही रॉजर्सची. सामने लागतात स्पोर्ट्सनेटवर. १९९८ मध्ये सीटीव्हीने सुरू केलेली ही वाहिनी पुढे रॉजर्सने घेतली. ती तुमच्या घरी आणणारी केबल अनेकदा रॉजर्सची, आणि सामना बघायला निघालात तर वाटेत ज्या मोबाइलवर स्कोअर बघता त्याचं सिमही बऱ्याचदा रॉजर्सचं.

दुसरी मोठी कंपनी म्हणजे बेल. टीएसएन ही देशातली पहिली फक्त खेळांची वाहिनी १९८४ मध्ये सुरू झाली. आज तिची मोठी मालकी बेलकडे आहे आणि छोटा हिस्सा अमेरिकेच्या ईएसपीएनचा आहे. हे दोन हाडवैरी २०१२ मध्ये एकाच घरात नांदायला गेले. हॉकीचा मेपल लीफ्स आणि बास्केटबॉलचा रॅप्टर्स या टोरंटोच्या दोन्ही संघांची मालक असलेल्या एमएलएसई कंपनीचा प्रत्येकी साडेसदतीस टक्के हिस्सा दोघांनी घेतला. दुसऱ्याच्या हाती सगळं जाऊ नये, हा दोघांचाही हेतू होता. २०२५ च्या जुलैमध्ये बेल बाहेर पडली. तिचा हिस्सा रॉजर्सने ४७० कोटी डॉलरना घेतला आणि रॉजर्सचा वाटा ७५ टक्क्यांवर गेला. बाहेर पडताना बेलने एक गोष्ट मात्र पदरात पाडून घेतली. लीफ्स आणि रॅप्टर्सच्या प्रादेशिक सामन्यांपैकी निम्मे सामने पुढेही टीएसएनवर दिसतील.

याचा तुमच्याशी संबंध काय? एक म्हणजे दोन्हीकडे पैसे भरल्याशिवाय लीफ्स किंवा रॅप्टर्सचे सगळे सामने दिसत नाहीत. दुसरं म्हणजे, जी वाहिनी संघाची मालक आहे तिच्या स्टुडिओतले तज्ज्ञ त्या संघाच्या कारभारावर कितपत बोट ठेवतील, याचा विचार ज्याने त्याने करावा. मी संघाच्या कारभाराबद्दलचं मत बनवताना वर्तमानपत्रांतले स्तंभ आवर्जून वाचतो.

पैसे भरले, वाहिनी घेतली, तरी 'तुमच्या भागात उपलब्ध नाही' असं का येतं?

सर्वाधिक विचारला जाणारा आणि सर्वाधिक चीड आणणारा प्रश्न. याला इथे ब्लॅकआउट म्हणतात.

एनएचएलचे सामने दोन प्रकारचे असतात. राष्ट्रीय सामने देशभर दिसतात. प्रादेशिक सामने मात्र त्या त्या संघाला नेमून दिलेल्या भौगोलिक हद्दीतच दाखवता येतात. तुम्ही हॅलिफॅक्सला राहता आणि लीफ्सचे चाहते आहात असं समजा. शनिवारचा सामना दिसेल. पण बुधवारचा प्रादेशिक सामना असेल तर वाहिनी तीच, पैसेही भरलेले, तरी पडद्यावर नुसती पाटी येईल. कारण अटलांटिक किनाऱ्याचा तो भाग मॉन्ट्रियल आणि ओटावा यांच्या हद्दीत मोडतो. हद्दीबाहेरचे सामने बघायला वेगळं पॅकेज घ्यावं लागतं. आणि उलटही होतं: लीगचं 'सगळे सामने' देणारं पॅकेज घेतलं, तरी तुमच्या स्वतःच्या भागातल्या संघाचे सामने त्यात नसतात. ते स्थानिक वाहिनीवरच बघायचे.

म्हणून पॅकेज घेण्याआधी वाहिनीचं नाव विचारू नका. तुमचा संघ कोणता, तुमचा पोस्टल कोड कोणत्या हद्दीत येतो आणि त्या संघाचे प्रादेशिक हक्क कुणाकडे आहेत, या तीन गोष्टी विचारा. ग्राहक सेवेवरच्या माणसाला याची उत्तरं देता आली नाहीत, तर वरिष्ठाशी बोलण्याचा आग्रह धरा.

कुठला सामना कुठे दाखवायचा, या निर्णयापायी एका माणसाचा जीवही गेला आहे. १२ डिसेंबर १९७० ची ती घटना. ब्रिटिश कोलंबियातल्या फोर्ट सेंट जेम्स गावचा रॉय स्पेन्सर. त्याचा मुलगा ब्रायन नुकताच मेपल लीफ्समध्ये आला होता. त्या रात्री शिकागोविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात मुलाची मुलाखत होणार होती. बाप टीव्ही लावून बसला, तर प्रिन्स जॉर्जच्या स्थानिक केंद्राने टोरंटोचा सामना न दाखवता व्हँकुव्हरचा लावलेला. व्हँकुव्हरचा संघ त्याच वर्षी लीगमध्ये आला होता, आणि तो प्रांत आता त्याचा झाला होता. रॉय बंदूक घेऊन गाडीने प्रिन्स जॉर्जला गेला, केंद्रात घुसला आणि प्रक्षेपण बंद पाडायला लावलं. बाहेर पडताना पोलिसांशी झालेल्या गोळीबारात तो ठार झाला. त्याने केलं त्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण मुलाला पडद्यावर बघायची बापाची आस आणि कुठेतरी दूर ठरलेली हद्द यांची अशी गाठ पडलेली वाचली, की ब्लॅकआउटची पाटी मला नुसती तांत्रिक वाटत नाही.

ब्लू जेजचे सामने मात्र सगळीकडे दिसतात. ते कसं?

मेजर लीग बेसबॉलमध्ये कॅनडाचा आता हा एकच संघ आहे, त्यामुळे सगळा देश त्याचीच हद्द. २००४ पर्यंत मॉन्ट्रियल एक्सपोज हा दुसरा संघही होता. त्या संघाच्या अखेरच्या काळातली एक गोष्ट वाहिनीचं महत्त्व सांगते. २००० च्या हंगामात एक्सपोजचा इंग्रजी टीव्हीशीही करार नव्हता आणि इंग्रजी रेडिओशीही. मॉन्ट्रियलच्या इंग्रजी भाषकांना आपला संघ दिसेनासा, ऐकू येईनासा झाला. संघ जाण्याची कारणं पुष्कळ होती. पण जो संघ घरात येत नाही त्याच्यासाठी स्टेडियमपर्यंत कोण जाणार?

फ्रेंच भाषकांसाठी वेगळी व्यवस्था आहे का?

पूर्ण वेगळी. बेलची आरडीएस १९८९ पासून आहे आणि क्यूबेकोर कंपनीची टीव्हीए स्पोर्ट्स २०११ पासून. २०१४ मध्ये एनएचएलचे राष्ट्रीय फ्रेंच हक्क रॉजर्सकडून टीव्हीए स्पोर्ट्सला मिळाले, तर मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचे प्रादेशिक सामने आरडीएसकडे राहिले. देशाचे आकडे वाचताना ते फक्त इंग्रजीचे आहेत की दोन्ही भाषांचे, हे जरूर तपासा. नाहीतर मॉन्ट्रियलच्या सामन्याचा अर्धा प्रेक्षक हिशेबातून गळतो.

अमेरिकन वाहिनी लावली तरी कॅनेडियन जाहिराती का दिसतात?

अमेरिकन वाहिनीवर आणि कॅनेडियन वाहिनीवर एकच कार्यक्रम एकाच वेळी असेल, तर केबल कंपनीने अमेरिकन वाहिनीच्या जागी कॅनेडियन सिग्नल टाकायचा, असा नियम १९७० च्या दशकापासून आहे. नियामक संस्था सीआरटीसी हा नियम लावते. ज्या कॅनेडियन वाहिनीने हक्कांचे पैसे मोजले, तिच्या जाहिराती दिसाव्यात आणि इथल्या माध्यमांना पैसा मिळावा, हा हेतू.

गाडी अडली ती सुपर बोलवर. अमेरिकन फुटबॉलच्या त्या सामन्यातल्या खर्चिक जाहिराती बघण्यासाठीच अनेक लोक टीव्ही लावतात. तक्रारी आल्या म्हणून सीआरटीसीने २०१७ पासून सुपर बोलपुरता हा बदल बंद केला. बेल आणि अमेरिकन फुटबॉलची लीग एनएफएल सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये निकाल लागला की फक्त एका कार्यक्रमासाठी असा आदेश काढण्याचा अधिकार सीआरटीसीला नाही. २०२० पासून पुन्हा कॅनेडियन जाहिराती सुरू झाल्या. माझं मत विचाराल तर नियम योग्य आहे. मात्र सामना लांबल्यावर किंवा सिग्नल बदलण्यात चूक होऊन खेळाचा तुकडा गायब होतो, ती चूक माफ करण्यासारखी नाही.

पंजाबीतून हॉकीचं समालोचन होतं, हे खरं का?

खरं, आणि अभिमान वाटावा असं. सीबीसीने २००८ मध्ये पंजाबी समालोचन सुरू केलं. अल्बर्टातल्या एका लहान गावात वाढलेला हरनारायण सिंग सुरुवातीच्या काळात कॅलगरीहून टोरंटोला दर आठवड्याला स्वतःच्या खर्चाने विमानाने जायचा. २०१४ नंतर हा कार्यक्रम ओम्नी या बहुभाषिक वाहिनीवर गेला. मे २०१६ मध्ये स्टॅन्ले कपच्या, म्हणजे एनएचएल विजेतेपदाच्या अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात पिट्सबर्गच्या निक बोनिनोने शेवटच्या मिनिटांत गोल केला. हरनारायणने त्याचं आडनाव एका दमात, एका ठेक्यात इतक्या वेळा घेतलं की ती फीत जगभर फिरली. पिट्सबर्गने कप जिंकल्यावर पंजाबी समालोचकांना सोहळ्याला बोलावलं. त्याच वर्षी हरनारायण एनएचएलच्या सामन्याच्या इंग्रजी प्रक्षेपणातही दिसला. हा मान मिळालेला तो पहिला शीख.

या कार्यक्रमामुळे घरातल्या आजी-आजोबांना नातवंडांसोबत सामना बघता येऊ लागला. ऑफसाइड म्हणजे काय, हे त्यांना आपल्या भाषेत कळू लागलं. २४ मार्च २०१९ रोजी मॉन्ट्रियल विरुद्ध कॅरोलिना सामन्याचं क्री या आदिवासी भाषेत समालोचन झालं. एनएचएलच्या इतिहासात पहिल्यांदाच. या देशाच्या मूळ भाषेला या देशाच्या खेळात जागा मिळायला इतकी वर्षं लागली, हे मनाला लागतं.

मराठीत असं समालोचन नाही. इथल्या पंजाबी समाजाची संख्या आणि त्यामागचा जाहिरातींचा बाजार आपल्यापेक्षा खूप मोठा आहे.

क्रिकेट कुठे दिसतं?

मुख्यतः विलो वाहिनीवर आणि तिच्या ॲपवर. दक्षिण आशियाई वाहिन्यांच्या एटीएन समूहानेही अनेक वर्षं क्रिकेट दाखवलं आहे. हक्क स्पर्धेनुसार बदलतात, तेव्हा आयपीएल किंवा विश्वचषकाआधी वर्षाचं पॅकेज न घेता महिन्याचं घेतलेलं बरं.

क्रिकेट, टीव्ही आणि कॅनडा यांचं एक नातं मात्र आपल्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल: सहारा कप. १९९६ ते १९९८ अशी तीन वर्षं भारत-पाकिस्तान मालिका टोरंटोच्या क्रिकेट, स्केटिंग अँड कर्लिंग क्लबच्या टुमदार मैदानावर झाली. मैदानात काही हजार लोक मावायचे, खरे प्रेक्षक उपखंडात टीव्हीसमोर होते. टोरंटोतली दुपार म्हणजे आपली रात्र, त्यामुळे वेळही सोयीची. १९९७ ची मालिका सचिनच्या नेतृत्वाखाली भारताने ४-१ अशी जिंकली आणि सौरव गांगुलीने एका सामन्यात १६ धावांत ५ बळी घेतले. भोंग्यावरून डिवचणाऱ्या प्रेक्षकाच्या अंगावर इंझमाम धावून गेला तीही याच मालिकेत. तोपर्यंत टोरंटो हे नाव आपल्या कित्येक घरांत फारसं कुणी घेतही नव्हतं.

कॅनेडियन संघ हरले की वाहिन्यांचं काय होतं?

फटका बसतो. २०१६ मध्ये सातपैकी एकही कॅनेडियन संघ एनएचएलच्या प्लेऑफमध्ये गेला नाही. १९७० नंतर असं पहिल्यांदाच झालं. रॉजर्सच्या महागड्या कराराचं ते दुसरंच वर्ष होतं. प्रेक्षक घटले आणि त्याच उन्हाळ्यात शनिवारच्या कार्यक्रमाचा सूत्रधार बदलून जुन्या रॉन मॅक्लेनला परत आणलं गेलं. शेवटचा कॅनेडियन विजेता म्हणजे १९९३ चा मॉन्ट्रियल. २०१६ च्या आधीचा एक अनुभव आणखी वाईट होता. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालक-खेळाडू वादात रद्द झाला आणि सीबीसीने शनिवारी रात्री हॉकीच्या वेळेत चित्रपट दाखवले.

बायकांची हॉकी टीव्हीवर दिसते का?

दिसते. पीडब्ल्यूएचएल ही व्यावसायिक लीग १ जानेवारी २०२४ रोजी टोरंटोत सुरू झाली. एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या सीबीसी, टीएसएन आणि स्पोर्ट्सनेट या तिघींनीही तो पहिला सामना दाखवला. मुलगी असेल तर तिला सोबत घेऊन बघा.

खेळ सुरू असताना सट्ट्याच्या एवढ्या जाहिराती का?

२७ ऑगस्ट २०२१ पासून एकेका सामन्यावर पैज लावणं कायदेशीर झालं, आणि एप्रिल २०२२ मध्ये ओंटारिओने खासगी कंपन्यांना ऑनलाइन बाजार खुला केला. तेव्हापासून मध्यंतरातल्या चर्चेतही पैजांचे भाव येऊ लागले. फेब्रुवारी २०२४ पासून ओंटारिओत अशा जाहिरातींत खेळाडूंना घेण्यावर बंदी आहे. ती पुरेशी नाही. दहा वर्षांचा मुलगा स्कोअरसोबत भाव वाचायला शिकतो, हे थांबायलाच हवं.

केबल न घेता काय बघता येतं? आणि अगदी फुकट?

केबलशिवाय बघायला स्पोर्ट्सनेट आणि टीएसएन दोघांच्याही थेट ऑनलाइन सेवा आहेत. पण ब्लॅकआउटचे नियम तिथेही लागू. एनएफएलसाठी २०१७ पासून डॅझोन, मेजर लीग सॉकरसाठी २०२३ पासून ॲपल, एनएचएलच्या सोमवारच्या सामन्यांसाठी २०२४-२५ च्या हंगामात ॲमेझॉन प्राइम. प्रत्येक खेळाला वेगळं बिल. सगळी घेतली तर केबल परवडली म्हणायची वेळ येते. म्हणून एका वेळी एकच हंगाम धरा आणि तो संपला की सेवा बंद करा.

फुकटचा मार्ग बहुतेक नव्या लोकांना माहीतच नसतो, तो म्हणजे साधा अँटेना. दुकानात मिळणारा छोटा अँटेना खिडकीत लावून टीव्हीला जोडला की मोठ्या शहरांत सीबीसी, सीटीव्ही, ग्लोबल, सिटी टीव्ही हवेतून थेट दिसतात. टोरंटो आणि व्हँकुव्हरकडे ओम्नीही. केबलपेक्षा चित्रही स्वच्छ येतं. सीबीसीवर ऑलिम्पिक, आणि २०१४ च्या व्यवस्थेपासून शनिवारची हॉकीही. सीटीव्हीवर रविवारी एनएफएल आणि सुपर बोल, शिवाय २०२४ पासून कॅनेडियन फुटबॉलचा अंतिम सामना ग्रे कपही. बेसमेंटमध्ये राहणाऱ्यांना सिग्नल कमी मिळतो. त्यांनी घरमालकाला विचारून लांब वायरने अँटेना वरच्या मजल्याच्या खिडकीत लावावा. टोरंटोत तो शक्यतो सीएन टॉवरच्या दिशेने ठेवा, कारण तिथल्या बऱ्याच वाहिन्यांचं प्रक्षेपण त्या टॉवरवरूनच होतं. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन केबलऐवजी अँटेना निवडा आणि वाहिन्या पुन्हा शोधा.

भारतातल्या घरच्यांनी सोबत बघायचं म्हटलं तर किती वाजता?

शनिवारचा पहिला सामना टोरंटोच्या वेळेनुसार संध्याकाळी ७ वाजता असतो आणि पश्चिमेकडचा दुसरा रात्री १० वाजता. हिवाळ्यात भारतात तेव्हा रविवारचे पहाटेचे साडेपाच आणि सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळं पुढे जातात, तिथून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हे दोन्ही सामने भारतात एक तास आधी सुरू होतात.